भोगवटादार: स्वतः

आमच्या घरी कागद आला की तो आधी माझ्या हातात येतो. वीजबिल असो, बँकेचं पत्र असो नाहीतर कुणाची लग्नपत्रिका, बाबा पाकीट न फोडता मला देतात आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी पनवेलमध्ये एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे जगातला कुठलाही कागद मला कळतो अशी त्यांची पक्की समजूत आहे. खरं तर मला जीएसटी कळतो आणि थोडाफार इन्कम टॅक्स. पण "मला नाही कळत" असं बाबांना सांगणं माझ्या रक्तातच नाही. मग मी दुपारी डब्याच्या वेळेत साहेबांना विचारून घेते आणि संध्याकाळी जन्मापासून माहीत असल्यासारखी सांगते.

घरपट्टीसाठी मात्र अशी शिकवणी लावायची वेळ कधी आली नव्हती. गावात ग्रामपंचायत होती तोवर शिपाई यायचा, ओटीवर बसून चहा प्यायचा आणि आकडा सांगायचा. बाबा "जास्त हाय" म्हणायचे, शिपाई "सगल्यांनाच जास्त हाय" म्हणायचा आणि बाबा पैसे द्यायचे. तो आकडा येतो कुठून हे बाबांनी विचारलं नाही आणि बहुधा शिपायालाही ठाऊक नसावं. मग गाव महापालिकेत गेलं. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, डोक्यावरून विमानं जायला लागली आणि एका सकाळी दोन मुलं घर मोजायला आली.

त्यांच्याकडे टेप नव्हती. मुठीत मावेल एवढं यंत्र होतं. ते एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि लांबी यंत्रावर दिसायची. बाबांचा त्या ठिपक्यावर काडीचा विश्वास बसला नाही. ते निवृत्त होईपर्यंत बंदरात क्रेनवर होते, त्यामुळे अंतराच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं मत आहे. त्यांनी आतून आपली स्टीलची टेप आणली आणि मुलांच्या मागोमाग प्रत्येक खोली पुन्हा मोजत फिरले. मापं जुळत गेली तसे ते जरा हिरमुसले. आमचं घर एका दमात बांधलेलं नाही. बोनस झाला की एक खोली, असं ते वाढत गेलं. पुढे स्लॅब, मधे पत्रा, मागे कौलं. मुलांनी तिन्ही भाग वेगवेगळे लिहिले, कारण तिन्हींचा दर वेगळा.

मग त्यातला एकजण बाबांना समजवायला लागला. "काका, समजा हे घर तुम्ही भाड्याने दिलं..."

"नाय देत."

"समजा हो."

"देनारच नाय तर समजू कसं?"

मी मधे पडले नसते तर पोरं संध्याकाळपर्यंत तिथेच अडकली असती. साहेबांकडून घेतलेलं ताजं ज्ञान मी वाटून टाकलं. घरपट्टी घराच्या किमतीवर नसते, त्या घराला भाडं किती येऊ शकेल यावर असते, मग आपण स्वतः का राहत असेना. एका चौरस मीटरला अमुक भाडं, असा दर ठरलेला असतो. भाग कुठला आणि बांधकाम कसलं त्याप्रमाणे तो बदलतो. त्याला क्षेत्रफळाने गुणायचं, वर्षाचं भाडं काढायचं आणि मग त्यावर टक्के. काही टक्के सर्वसाधारण कर, काही शिक्षणाचे, काही झाडांचे, काही अग्निशमनाचे. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंजे मी माज्याच घरात भाडेकरू, आनि त्यातला हिस्सा म्हापालिकेला?"

"तसंच समजा."

"परत समजा!"

पण ती कल्पना त्यांना मनापासून आवडली. पुढे आठवडाभर ते येता-जाता आईला "या म्हैन्याचं भाडं रायलंय तुजं" असं ऐकवत होते आणि आई त्यांना पिठाचे हात दाखवत होती.

मुलं शेवटी मागच्या खोलीशी आली. या खोलीला दोन दारं आहेत, एक आमच्या स्वयंपाकघरात उघडतं आणि दुसरं गल्लीत. तिथे मावशी राहते. त्या वेळी ती बाजारात गेली होती. मुलांनी आतल्या दारातून डोकावून ठिपका मारला आणि विचारलं, "इथे भाडेकरू आहे का? भाडेकरू असला तर दर जास्त लागतो."

"भाडेकरू कोन?" बाबा जवळजवळ रागावलेच. "आमची मावशी हाय ती. घरचीच."

मुलाने टॅबवर काहीतरी दाबलं आणि दोघे पुढच्या घराकडे गेले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरंही बोललो आणि पैसेही वाचले, असा योग माझ्या ऑफिसात तर वर्षानुवर्षं येत नाही.

मावशी आमची नात्याने कुणी लागत नाही. ती समुद्रकाठच्या करंजा गावची कोळीण. मी शाळेत जायच्या आधीपासून ती तिकडून मासळीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात यायची आणि संध्याकाळी परत जायची. नवरा वारला, दिरांशी पटेना, तेव्हा तिने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं की मागची खोली भाड्याने देतेस का. आईने दिली. तेव्हा जे भाडं ठरलं तेच ती आजही दर एक तारखेला आईच्या हातावर ठेवते. ते वाढवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, पावती द्यावी असंही नाही. आई ते पैसे मसाल्याच्या बरणीमागे ठेवते आणि गणपतीला त्यातूनच मावशीला लुगडं घेते. बाकी ती आमच्यातच जेवते. मला आणि माझ्या धाकट्या भावाला तिने मांडीवर खेळवलंय, दटावलंय आणि प्रसंगी पाठीत धपाटेही घातलेत. आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत ती आहे, बहुतेकांत मधोमध.

काही महिन्यांनी नोटीस आली. तुमच्या घराचं मूल्य असं असं ठरवतोय, हरकत असेल तर सांगा, अशी. रात्री जेवताना मी ती मोठ्याने वाचली. क्षेत्रफळ बरोबर होतं. बाबांनी टेपच्या मापांशी पुन्हा ताडून बघितलं. मालकाचं नाव म्हणून बाबांचं नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं, "भोगवटादार: स्वतः."

"भोगवटादार मंजे काय गो?" मावशीने विचारलं.

"जो राहतो तो."

"मी रावते ना."

"हो, पन तू घरचीच ना मावशी. 'स्वतः' लिवलंय ना, त्यात तू पन आयलीस." माझं उत्तर मला फारच सुबक वाटलं. वर मी हेही सांगितलं की भाडेकरू लिहिला असता तर पट्टी वाढली असती, बाबांनी बरोबर वाचवलं.

मावशीने ताटातली भाकरी तशीच ठेवली. "मी कोनाच्या 'स्वतः'त येत नाय," ती म्हणाली, आणि हात धुऊन आपल्या खोलीत गेली. दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला. त्या दाराला कडी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या खोलीत स्टोव्ह पेटवला. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत ओसरेल. पण ती गल्लीच्या दाराने जायची, गल्लीच्या दाराने यायची, आणि बाबा ओटीवर दिसले तर मान तुकवून "काय मालक" म्हणायची. इतकी वर्षं ती त्यांना दादा म्हणत आली होती. एक तारखेला तिने भाडं आईच्या हातावर न ठेवता बाबांसमोर ओटीवर ठेवलं आणि म्हणाली, "पावती द्या, मालक." बाबांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात पावती कशावर लिहितात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी ऑफिसातून पावतीपुस्तक आणेन म्हणाले, तेव्हा ती गेली.

आईच्या ते फार मनाला लागलं. "काय वंगाल केलं आमी तिचं?" असं म्हणून ती रडायची आणि मग रागाने भांडी आपटायची. बाबांचं दुःख निराळं होतं. घरात मासळी येईनाशी झाली होती. इतकी वर्षं मावशी बाजारातून येताना आमच्यासाठी वाटा राखून आणायची, त्यामुळे आईला मासळी विकत घ्यायची सवयच राहिली नव्हती. ती एकदा बाजारात गेली तर मावशीची नजर चुकवून घ्यायची कुणाकडून, हाच प्रश्न पडला आणि ती रिकाम्या पिशवीने परत आली. आमच्या घरात सलग डाळ म्हणजे जवळजवळ सुतकच. बाबा ताटाकडे बघून सुस्कारे टाकायचे आणि आई म्हणायची, "समजा बोंबील हायेत."

शेवटी मीच गेले. आतलं दार बंद म्हणून गल्लीतून वळसा घालून गेले, आणि चिडूनच गेले. मला राग जरा लवकर येतो, तो यायला नको होता अशा वेळी तर हमखास येतो. मावशी पाटावर बसून मासळीचा कोयता घासत होती.

"काय चाललंय तुजं? चार पैशे वाचले तर तुला काय झालं?"

"बस," ती म्हणाली.

मी बसले. ती कोयता घासतच राहिली. मग म्हणाली, "तुज्या भावाचं लगीन बघताय ना?"

बघत होतोच. स्थळं यायला लागली होती. तिने मान वर केली नाही. "तुजी आई बोलली स्वयंपाकघरात, तो कागद यायच्या आदी. मागची खोली पोराला देव. मावशीचं काय, ती वटीवर पन झोपंल, घरचीच हाय. मी ऐकलं. भिंत काय लय जाड नाय बाय."

आई तसं म्हणाली होती, माझ्यासमोरच. अगदी मायेने म्हणाली होती, जशी माझ्याबद्दल म्हणाली असती.

"घरच्या मानसाला 'जरा सरक' बोलतात," मावशी म्हणाली. "भाडेकरूला नोटीस द्यायला लागते. नवऱ्याच्या घरात पन मी घरचीच होते. तिथं सरकत सरकत दारात आली आनि मग दाराच्या भायेर. ह्या खोलीचं भाडं मी एक म्हैना चुकवलं नाय. आजारी होते तवा पन नाय. कशापायी? तुजी आई मागनार हाय काय? मी भरते म्हून ही खोली माजी हाय. आनि तुमी कागदावर लिवलं, हितं कोन रावत नाय."

 मला आईचा राग आला, मग बाबांचा, मग त्या कागदाचा. पण त्यातलं कुणीच वाईट वागलं नव्हतं आणि तेच फार वाईट होतं. मावशी ज्याच्या भरवशावर झोपत होती ते आम्ही प्रेमाने पुसून टाकलं होतं. मी तिला म्हटलं, अजून हरकत घेता येते, सुनावणीला बोलावतात, आपण जाऊ.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला हाकलतंय कोन?"

"हाकलत कोणीच नाय. सरकवतोय."

बाबांनी आईकडे बघितलं आणि आईने चुलीकडे. नंतर त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सुनावणीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार होते.

मावशी काठाचं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा घालून, गळ्यातलं सगळं सोनं घालून आली होती. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आजूबाजूच्या गावची माणसं बसली होती आणि सगळी एकाच कामाला आली होती: मूल्य कमी करून घ्यायला. एकाने भिंतीच्या भेगांचे फोटो आणले होते आणि प्रत्येक भेग तो शेजाऱ्याला मोबाइलवर मोठी करून दाखवत होता. दुसरा शपथेवर सांगत होता की रस्त्याकडचा गाळा दुकान नाहीच, तिथे पेंढा भरलेला असतो. "मग शटरवर मोबाइल रिपेअरिंग का लिहिलंय?" असं टेबलामागच्या मॅडमनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की बोर्ड स्वस्तात मिळाला. मॅडम दमलेल्या होत्या, पण त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

आमचा नंबर आला. मॅडमनी वर न बघता विचारलं, "कमी का करायचं? कारण सांगा."

"कमी नाय," मावशी म्हणाली. "माजं नाव घाला. भोगवटादार मीच हाय."

मॅडमनी वर बघितलं. "तुम्ही भाडेकरू? मग त्या खोलीला दर जास्त लागेल. पट्टी वाढेल."

"वाढूद्या."

मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. मॅडमनी बाबांना विचारलं, तुमचं म्हणणं काय. बाबा म्हणाले, ती बोलते ते बरोबर हाय. मग मॅडमनी भाडं किती ते विचारलं. मावशीने आकडा सांगितला. तेवढ्या पैशात पनवेलमध्ये आता कुणी महिनाभर स्कूटरसुद्धा उभी करू देणार नाही.

"हे दिवसाचं का?"

"म्हैन्याचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एवढं कमी भाडं धरता येणार नाही, आमच्या दराने जे येईल तेच धरावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. मावशी लगेच बाबांकडे वळली. "मालक, भाडं वाढवा."

"नाय वाढवत."

"मी देते ना!"

"मी घेत नाय ना!"

"भाडं घ्यायला लाजतो तो मालक कसला?"

"आनि वाढवून मागते ती भाडेकरू कसली?"

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "या टेबलासमोर रोज हीच भांडणं होतात, फक्त उलट्या बाजूने." शेवटी भाडं आहे तेच ठेवायचं आणि त्या खोलीची वाढीव पट्टी मावशीने द्यायची, असं त्यांच्या देखतच ठरलं. तो तुमचा आपसातला व्यवहार, असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

"भोगवटादाराचं पूर्ण नाव?"

अर्ज बाबांचा, म्हणून त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. घरातले सगळे फॉर्म मी भरते. बाबांच्या पेन्शनचे, आईच्या दवाखान्याचे, भावाच्या कॉलेजचे. मावशीचा एकही कागद माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. तिला आम्ही मावशी म्हणायचो, आई बाय म्हणायची, बाजारात करंजावाली म्हणायचे. आडनाव तर सोडाच, मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मला भर हॉलमध्ये जमीन दुभंगावी असं झालं.

मावशीने आम्हाला जरा वेळ तसंच ठेवलं. मग तिने स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं आणि आडनावासकट, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. छान नाव आहे. विचारल्याशिवाय ते कुठे लिहायची आता माझी हिंमत नाही.

मॅडम लिहिता लिहिता हिशेब पुटपुटत होत्या. वर्षाचं भाडं एवढं, त्यातून दहा टक्के वजा, राहिलं ते करयोग्य मूल्य, त्यावर कर.

"ते धा टक्के कशापायी वजा?" मावशीने विचारलं.

"दुरुस्तीचे. मालकाला घराची डागडुजी करावी लागते ना, म्हणून कायद्याने तेवढी सूट."

मावशीने हात कमरेवर ठेवला आणि बाबांकडे बघितलं. "मालक. माजी खिडकी?"

"कंची खिडकी?" बाबा म्हणाले.

रिक्षात बसल्यावर ते कळलं. एका पावसाळ्यात तिच्या खिडकीची चौकट फुगली, बिजागरी गेली, झड आत यायला लागली. तिने आतून फळी लावून खिळे मारले. तेव्हापासून ती खिडकी उघडलेली नाही. उन्हाळ्यात ती दारात डोकं करून झोपते.

"आनि बोलली नाय कधी?" बाबांनी विचारलं.

"कसं बोलू? तुमी तवा पत्रा बदलाया पैशे जमवत होता. घरच्यांच्या अडचनी घरच्यांना दिसतात. भाडेकरू असते तर वरडले असते." आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं. "आता वरडनार."

बाबा रिक्षातून उतरले ते थेट सुताराकडे गेले. संध्याकाळी सुताराला घेऊन, टेप खिशात टाकून ते स्वयंपाकघरात आले. आमच्या घरात कुणी कुणाच्या दारावर टकटक करत नाही. ढकलायचं आणि जायचं. बाबा आतल्या दारापर्यंत गेले, थांबले आणि वळले. सुताराला घेऊन ते पूर्ण गल्लीला वळसा घालून गेले. मी मागोमाग गेले. दार उघडंच होतं. बाबांनी बाहेर उभं राहून कडी वाजवली.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

बाबांनी घसा साफ केला. "मालक."

"या. चपला भायेर."

इतकी वर्षं आम्ही त्या खोलीतून तांदळाची पोती नेली-आणली होती, पण तिच्या पलंगामागे फळी ठोकलेली आहे हे कुणी बघितलं नव्हतं. सुताराने खिळे उपसले. बाबांनी चौकट मोजली, दोनदा. मावशी कमरेवर हात ठेवून सांगत होती: जाळी बारीक पाहिजे, डास येतात, आणि कडी आतून पाहिजे, आणि हे झालं की नळाचंही बघा, तो टपकतो, आणि ते कौल. आई गल्लीत उभी राहून ऐकत होती. "घरची होती तवा बरी होती," ती मला म्हणाली, पण तोंडभर हसत होती. त्या रात्री आतल्या दाराची कडी निघाली आणि बोंबील आले, समजा नाही, खरे.

पुढे भावाचं एक स्थळ जमत आलं. मुलगी बघून झाली होती. आता मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. आमच्याकडे हे घर बघणं म्हणजे मोजणी करणाऱ्या त्या दोन पोरांपेक्षा कडक काम. मुलीचा मामा प्रत्येक दार उघडून बघतो, खोल्या मोजतो, नवऱ्यामुलाला कुठली मिळणार ते विचारतो, आणि तिथे उत्तर अडखळलं तर जमलेलं मोडतं. आई सकाळपासून घाबरलेली होती. मावशीने त्या दिवशी बाजारात पाटी लावलीच नाही. भल्या पहाटे जाऊन तिने दोन हात लांब जिताडा आणला आणि आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईला तिने फक्त भाकऱ्या थापायला ठेवलं.

मामा तसाच कडक निघाला. त्याने ओटी बघितली, मधल्या खोल्या बघितल्या, पत्र्यावर टकटक केली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्याने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. "ही चांगली हाय. वेगली, भायेरून पन दार हाय. पोराला हीच ना?"

आईचा भाकरीवरचा हात थांबला. मावशी रश्श्याच्या टोपाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. तिचा डावही थांबला. मी बाबांकडे बघितलं.

"ती खोली रिकामी नाय," बाबा म्हणाले. "तिथं भाडेकरू हायेत."

"मग खाली करून घ्या की. घर तुमचंच."

"तसं नाय करता येत," बाबा म्हणाले. "पोरासाठी वर बांधनार हाय. स्लॅब पक्की हाय, चला, दाखवतो." आणि खिशातली टेप काढत ते मामाला जिन्याकडे घेऊन गेले.

आईने हळूच भाकरी तव्यावर टाकली. मावशीने लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला आणि ती डावाने रस्सा जोरात ढवळायला लागली. पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी ताटं घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. जिताड्याचं डोकं मानाचं असतं, ते मुलीच्या मामाला जाणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. मावशीने ते अलगद उचललं आणि बाबांच्या ताटात ठेवलं.

"हे मालकाला दे," ती म्हणाली. "मामाला शेपटाकडचं चालतं."